माहिती चौकट : नाणे ग्रेडिंगला पाठवावे का?

कोलशेतच्या एखाद्या घरात आजीच्या डब्यातून सहाव्या जॉर्जचा 1939चा रुपया निघाला, तर ग्रेडिंगला (म्हणजे तज्ज्ञांकडून नाण्याची प्रत ठरवून घ्यायला) पाठवण्याआधी हे तपासा.

वजन : 11.66 ग्रॅम, 91.7 टक्के चांदी. चांगल्या काट्यावर तोला. चुंबकाला चिकटले, तर नाणे खोटे.

साल : मुंबई टांकसाळीचा हा रुपया दुर्मीळ आहे, म्हणून नकलाही होतात. शेवटचा 9 भिंगाखाली पाहा. त्या आकड्याच्या कडा खरवडलेल्या दिसल्या तर सावध व्हा. 1938चा रुपया त्या मानाने सहज मिळतो, म्हणून त्याच्या 8चा 9 केलेला असू शकतो.

झीज : मुकुटावरची नक्षी आणि केसांच्या रेषा स्पष्ट हव्यात. ग्रेडिंगची शेल्डन मोजपट्टी 1 ते 70 अशी आहे; 60पासून पुढे न वापरलेली नाणी.

सफाई : चिंच, राख, पॉलिश काहीही लावू नका. घासलेल्या नाण्याला सहसा आकडा मिळत नाही, फक्त दोषाची नोंद मिळते. काळपट झाक तशीच राहू द्या.

हिशेब : ग्रेडिंगचे शुल्क, टपाल आणि विमा यांची बेरीज करा. ग्रेडमुळे वाढणारी किंमत तिच्याहून बरीच जास्त असेल, तरच पाठवा.

कायदा : शंभर वर्षे जुने नाणे 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो (कायदा 1878चा).