त्र्याहत्तर बोरीवल्या

मोठा आकडा डोक्यात बसवायचा तर हाताशी एखादं माप लागतं. मी बोरीवलीचं माप घेतो. मुंबई महापालिकेचा आर मध्य विभाग, म्हणजे पूर्व-पश्चिम बोरीवली, गोराईसकट. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ५ लाख ६२ हजारांच्या आसपास होती. आज ती किती आहे याबद्दल प्रत्येक रिक्षावाल्याचं वेगळं मत असेल, पण जनगणनेचा आकडा धरून चालू. हे झालं एक बोरीवली.

आता स्टीम घ्या. पीसीवरचे गेम विकणारं हे जगातलं सगळ्यात मोठं दुकान. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने ते सप्टेंबर २००३मध्ये उघडलं. मार्च २०२५मध्ये तिथे एकाच वेळी लॉग-इन असलेल्या लोकांची संख्या ४ कोटींच्या पुढे गेली आणि त्याच महिन्यात ४ कोटी १२ लाखांपर्यंत चढली. म्हणजे त्र्याहत्तर बोरीवल्या, तान्ह्या बाळांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे, एकाच क्षणी स्क्रीनसमोर. अर्थात यात थोडी फुगवाफुगवी आहे. कॉम्प्युटर सुरू केला की स्टीम आपोआप उघडतं आणि कोपऱ्यात बसून राहतं. माणूस एक्सेल उघडून बसलेला असला तरी तो मोजला जातो. त्या वेळी प्रत्यक्ष गेम खेळत होते सव्वा कोटीच्या आसपास. तरीही बावीस बोरीवल्या उरतातच.

मला याहून जास्त चक्रावून टाकलं ते एका छोट्या आकड्याने. व्हॉल्व्हविरुद्ध अमेरिकेत चाललेल्या एका खटल्यातली कागदपत्रं २०२४मध्ये बाहेर आली. त्यांनुसार २०२१ साली अख्ख्या कंपनीत ३३६ माणसं होती आणि त्यांतली स्टीमचं काम बघणारी ७९. एकोणऐंशी! त्याच वर्षी स्टीमवर दर महिन्याला येणारे लोक होते १३ कोटी २० लाख. २०११च्या अख्ख्या महाराष्ट्राहून जास्त. एका कर्मचाऱ्यामागे पावणेसतरा लाख, म्हणजे तीन बोरीवल्या. आर मध्य विभागाच्या कचेरीत एखादा दाखला काढायला गेलेल्या माणसाने हा भागाकार मनात करू नये, उगाच रक्तदाब वाढेल.

त्या २०२१ सालात स्टीमवर लोक एकूण ३,७९० कोटी तास खेळले. वर्षांत मांडलं तर ४३ लाख वर्षं. आणि दुकानाने ग्राहकांना पाठवलेला डेटा होता ३३ एक्झाबाइट, म्हणजे ३,३०० कोटी जीबी. घरच्या १०० एमबीपीएसच्या लाइनवर हे सगळं डाउनलोडला लावलं तर ८३ हजार वर्षं लागतील.

पण हा वेग आपल्याकडे आला तोच मुळात काल-परवा. केंद्र सरकारच्या २००४च्या धोरणात २५६ केबीपीएस असलं की ब्रॉडबँड म्हणायचं असं ठरलं होतं. मुंबईत एमटीएनएलचं ट्रायबँड आलं ते त्यानंतर. त्या काळी गेम म्हणजे रस्त्यावर मिळणारी पायरेटेड सीडी, नाहीतर सायबर कॅफेतला तासाचा दर. नोव्हेंबर २००४मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला तेव्हा अस्सल डिस्क विकत घेणाऱ्यालाही एकदा स्टीमवर जाऊन हजेरी लावावी लागे, आणि त्यावर जगभर बोंबाबोंब झाली होती. आजच्या ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी जागा लागते. २५६ केबीपीएसवर तो उतरायला ५४ दिवस लागले असते, तेही घरातल्या कोणी मध्येच मोडेमचं बटण बंद केलं नाही तर. १०० एमबीपीएसवर तीन तास वीस मिनिटं पुरतात.

तर अशा दुकानाशी टक्कर द्यायला डिसेंबर २०१८मध्ये एपिक गेम्स उतरली, ‘फोर्टनाइट’वाली. हत्यार होतं कमिशन. स्टीम विक्रीतले ३० टक्के घेतं. एपिकने १२ टक्के जाहीर केले. एक हजार रुपयांच्या गेमचा हिशेब मांडून बघू. किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. तो वजा जाता उरले ८४७. स्टीमने त्यातले २५४ ठेवले की गेम बनवणाऱ्याकडे ५९३ जातात. एपिकने १०२ ठेवले तर ७४५. फरक १५२ रुपयांचा, सरकारला गेलेल्या जीएसटीएवढाच. एपिक येण्याच्या आठवडाभर आधी व्हॉल्व्हने सवलत जाहीर केली होती, पण कोणाला? एका गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे गेली तर वरच्या रकमेवर २५ टक्के, ५ कोटींच्या पुढे २० टक्के. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला आणखी एक पोळी. छोट्या माणसाला तीस ते तीसच.

छोटा माणूस म्हणजे कोण, तर पुण्याचं नॉडिंग हेड्स गेम्स. त्यांचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० साली आला. दुर्गेचा वरदहस्त असलेली एक मुलगी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघते. २०१७मध्ये लोकांकडून पैसे उभे करण्याचा प्रयत्न फसला, संस्थापकांपैकी एकाने स्वतःचा फ्लॅट विकला, आणि एवढं करून बनलेला गेम २०२०च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोचला. अशांसाठी १५२ रुपये ही किरकोळ गोष्ट नाही. आणि गर्दी तर अशी की २०२४ साली स्टीमवर जवळपास १९ हजार नवे गेम आले. दर अठ्ठावीस मिनिटांना एक, रात्री-अपरात्री, गणपतीत, दिवाळीतसुद्धा.

कमिशन कमी करून विकणारे आले, पण विकत घेणारे कुठून आणायचे? इथे एपिकने दुसरी युक्ती काढली. दर गुरुवारी एक तरी गेम फुकट. आपल्याकडे तो रात्री साडेआठला लागतो, हिवाळ्यात अमेरिकेची घड्याळं मागे गेली की साडेनऊला. बोरीवलीच्या शिंपोलीतल्या एखाद्या वन-बीएचकेत दहावीतला मुलगा ‘गेट’ दाबतो, मूळ किमतीवर काट मारलेली दिसते, खाली एकूण रक्कम शून्य रुपये, मग ‘प्लेस ऑर्डर’. आई विचारते, किती गेले? काही नाही, फ्री आहे. आणि गेम लायब्ररीत जाऊन पडतो; बहुतेकदा तिथेच पडून राहतो. २०२४मध्ये एपिकने असे ८९ गेम वाटले आणि लोकांनी ते एकूण ५९ कोटी ५० लाख वेळा ‘क्लेम’ केले.

फुकट म्हणजे किती फुकट, हे २०२१मध्ये अ‍ॅपलबरोबरच्या खटल्यात उघड झालं. पहिल्या नऊ महिन्यांत एपिकने फुकट गेमांसाठी त्यांच्या मालकांना १ कोटी १६ लाख डॉलर मोजले आणि त्यातून सुमारे ५० लाख नवे लोक मिळवले. माणशी २ डॉलर ३७ सेंट, त्या वेळच्या दराने साधारण १६५ रुपये. आईने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. खरेदी झाली होती, मुलाचीच. मे २०२०मध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, ‘जीटीए ५’ फुकट ठेवला तेव्हा दुकानच कित्येक तास कोलमडलं होतं. पण सत्तर लाखांवर नवे ग्राहक आले. साडेबारा बोरीवल्या एका गेमच्या मोबदल्यात.

मग पुढे काय झालं? २०२४ अखेर एपिककडे पीसीवरचे २९ कोटी ५० लाख ग्राहक नोंदलेले होते. या सगळ्यांनी मिळून वर्षभरात इतर कंपन्यांच्या गेमांवर खर्च केले २५ कोटी ५० लाख डॉलर. भागाकार केला की माणशी ८६ सेंट येतात. बहात्तर रुपये, वर्षाला! बोरीवली स्टेशनबाहेर चार वडापाव खाल्ले की संपले. माणूस फुकटचं न्यायला एका दुकानात जातो आणि पैसे मोजायला दुसऱ्या, हे वाण्याच्या गल्ल्यावर बसलेल्या कोणालाही ठाऊक असतं. ते शिकायला एपिकला इतके डॉलर घालावे लागले, एवढंच.

बाकीच्यांचंही फार निराळं नाही. ईए या गेम-कंपनीने २०११मध्ये ‘ओरिजिन’ हे स्वतःचं दुकान काढून सवतासुभा मांडला. २०१९मध्ये त्यांचे गेम परत स्टीमवर. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ २०२२मध्ये परतला, पुणे आणि मुंबईत स्टुडिओ असलेली युबिसॉफ्टही त्याच वर्षी. बेथेस्डाने तर आपलं दुकानच बंद केलं. मायक्रोसॉफ्टने २०२३च्या ऑक्टोबरात ‘कॉल ऑफ ड्यूटी’वाली अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड विकत घेतली, ६,८७० कोटी डॉलरना. त्या वर्षीचा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ५२,६१९ कोटी रुपयांचा होता. या एका सौद्यात महापालिका जवळपास अकरा वर्षं चालली असती. एवढं करूनही मायक्रोसॉफ्ट आपले गेम स्टीमवर ठेवतेच.

कारण दुकान बदलता येतं, लायब्ररी हलवता येत नाही. २०१५च्या नोव्हेंबरात स्टीमवर रुपयात किंमत दिसू लागली. तेव्हापासून दर समर सेलला दोन-दोनशे रुपयांचे गेम गोळा करणाऱ्याकडे आज शे-दीडशे गेम आहेत, मित्रांची यादी आहे, कुठे किती तास घालवले त्याची नोंद आहे. यातलं काहीही दुसरीकडे नेता येत नाही. आणि एपिकवर कमिशन कमी म्हणून तोच गेम स्वस्त मिळेल म्हणावं, तर किंमत बहुधा दोन्हीकडे सारखीच असते. मग तो कशाला हलेल?

जून २०२५पासून एपिकने आणखी एक पायरी खाली उतरून बघितली: एका गेमच्या वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर कमिशन शून्य. तिकडे स्टीमच्या तीस टक्क्यांविरुद्ध सिएटलच्या न्यायालयात दावा चालू आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये त्याला सामूहिक दाव्याचा दर्जा मिळाला. २८ जानेवारी २०१७पासून व्हॉल्व्हला कमिशन दिलेल्या गेम-कंपन्या त्यात येतात. कंपनी अमेरिकेतली असली पाहिजे असंही नाही. पुण्यात बसून बनवलेला गेम अमेरिकेतल्या ग्राहकाने विकत घेतला असेल, तर त्या प्रतीवर कापलेले तीस टक्केही या हिशेबात धरले जातात.