इफ्तारचा खजूर आणि समुद्रावरचे पहारेकरी

देवळाली प्रवरात मगरिबची अजान झाली, की रोजेदारांचा हात आधी खजुराकडे जातो. दस्तरखानावरचे कलिंगड जवळपासच्या शेतातले असेल. खजूर मात्र इराक, इराण, अमिरात अशा दूरच्या मुलखातून जहाजाने आलेला असतो. प्रवरेच्या काठावरून समुद्र दिसत नाही. तरीही हा खजूर, गाडीतले इंधन आणि आखाताकडे निघणारा नगरचा कांदा या सगळ्यांची वाट समुद्रातूनच जाते. ही वाट राखणाऱ्यांची मोठी कामगिरी २०२४ च्या रमजानमध्येच घडली.

२८ मार्च २०२४. येमेनच्या सोकोत्रा बेटापासून सुमारे ९० सागरी मैलांवर 'अल-कंबर' या इराणी मासेमारी नौकेवर सशस्त्र चाचे चढल्याची खबर भारतीय नौदलाला मिळाली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी पहाटे 'आयएनएस सुमेधा'ने ती नौका अडवली. 'आयएनएस त्रिशूल'ही मदतीला पोचली. बारा तासांहून अधिक काळ दबाव टाकल्यावर नऊ चाचे शरण आले आणि २३ खलाशी सुटले. हे सगळे खलाशी पाकिस्तानी होते. नौका इराणची, खलाशी पाकिस्तानचे, सोडवणारे भारताचे. आपल्याकडे अठरावा रोजा होता तो.

त्याच महिन्यात, १६ मार्चला, 'रुएन' या मालवाहू जहाजाची सुटका झाली होती. माल्टाचा झेंडा असलेले हे जहाज १४ डिसेंबर २०२३ रोजी पळवले गेले. त्यावरचे १७ खलाशी तीन महिने ओलीस होते. घरची माणसे बातमीची वाट पाहत होती. चाच्यांनी याच जहाजाचा तळ करून इतर जहाजांवर हल्ले करण्याचा बेत आखला होता. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर 'आयएनएस कोलकाता'ने त्याला गाठले. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस कमांडो बोटींसह समुद्रात उतरले. चाळीस तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले, आणि १७ पैकी एकाही खलाशाला इजा झाली नाही.

अर्थात युद्धनौका क्षणात पोचत नाही. तोवर खलाशांनाच तग धरावा लागतो. म्हणून धोक्याच्या पट्ट्यात जहाजाच्या कठड्याभोवती काटेरी तार लावतात, दुर्बीण घेऊन रात्रंदिवस पहारा देतात. शिडी लावून कोणी चढू लागले, तर पाण्याचे जोरदार फवारे सोडतात. तरीही चाचे वर आलेच, तर सगळे खलाशी एका मजबूत, आतून बंद होणाऱ्या खोलीत शिरतात. तिला 'सिटाडेल' म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये 'लिला नॉरफोक' जहाजावरचे २१ खलाशी असेच आत लपले. त्यात १५ भारतीय होते. 'आयएनएस चेन्नई'वरचे मार्कोस आले तेव्हा चाचे निघून गेले होते आणि सगळे सुखरूप होते.

चाचे पकडले, तरी त्यांना शिक्षा व्हायला कायदा लागतो. हा धडा मुंबईने घेतला आहे. १९९९ मध्ये पळवलेले 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'ने आणि नौदलाच्या 'प्रहार'ने पाठलाग करून पकडले. खटला मुंबईत चालला. सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा सुनावली, पण २००५ मध्ये ते उच्च न्यायालयातून सुटले. चाचेगिरीसाठी आपल्याकडे तेव्हा स्वतंत्र कायदाच नव्हता. तो २०२२ मध्ये संसदेने केला. त्यामुळेच 'रुएन'वरचे ३५ चाचे २३ मार्च २०२४ रोजी मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली करता आले.

रमजानमध्ये जकात काढताना ती कोणाला द्यायची, याचे आठ हकदार सांगितले जातात. गोरगरीब आणि कर्जात बुडालेले त्यात आहेतच. बंधनात अडकलेल्यांची सुटका आणि वाटेत अडलेला मुसाफिर हेही त्यात आहेत. चाच्यांच्या तावडीतला खलाशी एकाच वेळी बंदीही असतो आणि मुसाफिरही. त्याला सोडवायला निघालेल्या जवानांनी त्याचा देश विचारला नाही, धर्मही विचारला नाही.

त्या जवानांचीही घरे आहेत आणि त्या घरांतही कोणी तरी वाट पाहत असते. कोणाचे सण बोटीवर जातात, कोणाचे रोजे. आज इफ्तारला खजूर उचलताना दुआसाठी हात वर जातील, तेव्हा आपल्या माणसांबरोबर समुद्रावरच्या या माणसांचीही आठवण ठेवावी. आणि शेजारच्या घरी दिवेलागणीला हात जोडले जातील, तेव्हा तिथेही.