दुधामधाचा साबण

दूध आणि मध म्हटलं की आपल्याला पंचामृत आठवतं. म्हणूनच की काय, घरी साबण करायला घेणारी माणसं हे दोन जिन्नस देवाला वाहिल्यासारखे सढळ हाताने ओततात. मीही ओतले होते. कोमट दुधात कॉस्टिक सोडा टाकला, वर चांगला अर्धी वाटी मध. दूध आधी पिवळं, मग नारिंगी, शेवटी जळक्या गुळासारखं तपकिरी झालं, स्वयंपाकघरात अमोनियाचा उग्र दर्प सुटला आणि साच्यात ओतलेलं मिश्रण उतू जाणाऱ्या दुधासारखं वर चढून ओट्यावर आलं. त्या दिवशी एक गोष्ट पक्की समजली. साबणाच्या दृष्टीने दूध आणि मध या दोन साखरा आहेत, आणि त्यांना तापू न देणं हीच यातली सगळी करामत आहे.

साबण होतो कसा, ते आधी पाहू. तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका दांडीला लटकलेली तीन मेदाम्लं. कॉस्टिक सोडा ती दांडीपासून सोडवतो आणि स्वतः त्यांना चिकटतो. त्यातून साबण तयार होतो आणि ग्लिसरीन मोकळं होतं. तेलातल्या या घडामोडीचा छडा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी लावला, त्यांचा ग्रंथ १८२३ साली आला. मोठ्या कारखान्यांत हे ग्लिसरीन बहुधा मिठाच्या पाण्याने वेगळं काढून घेतात. घरच्या वडीत ते तसंच राहतं. घरचा साबण हाताला मऊ लागतो त्यात दुधापेक्षा या ग्लिसरीनचा वाटा मोठा, असं माझं मत आहे.

बाजारात साबणाचा तयार बेसही मिळतो. तो वितळवायचा, दुधाची पावडर घालायची, साच्यात ओतायचा. त्यात वाईट काही नाही, पण ते विकतच्या पिठाच्या इडल्या करण्यासारखं झालं. इथे आपण पीठ आंबवण्यापासून सुरुवात करतो आहोत.

वाटी-चमच्याचा अंदाज इथे चालत नाही. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा हवाच, कारण प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक वेगळी असते. एक ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम लागतं, शेंगदाणा तेलाला ०.१३६, एरंडेलाला ०.१२८. माझं प्रमाण असं: खोबरेल २०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. गुणाकार करून बेरीज केली की ३६.६, ३४ आणि ६.४ मिळून ७७ ग्रॅम कॉस्टिक होतं. त्यातलं पाच टक्के मुद्दाम कमी करायचं आणि ७३ ग्रॅमच घ्यायचं, म्हणजे थोडं तेल साबण न होता शिल्लक राहतं आणि वडी कातडी ओरबाडत नाही. तेल बदललं तर हिशेब पुन्हा मांडायचा. खोबरेलाने वडी कडक होते आणि भरपूर फेस येतो, एरंडेल तो फेस टिकवतं, शेंगदाणा तेल वडीला सौम्य करतं. घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तिथे ऑलिव्ह तेल घ्यावं. त्याला ०.१३४ धरायचं.

कॉस्टिकशी मात्र जराही सलगी नको. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, खिडकी उघडी, मुलं आणि मांजर दाराबाहेर. भांडी स्टीलची किंवा जाड प्लॅस्टिकची. आजीच्या वेळचं जर्मनचं पातेलं चुकूनही घेऊ नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. मोरी तुंबल्यावर टाकायची पावडर म्हणजे शुद्ध कॉस्टिक नव्हे, तिच्यात इतर गोष्टीही मिसळलेल्या असू शकतात. अंगावर थेंब उडाला तर व्हिनेगर, लिंबू काही शोधत बसू नका, वाहत्या नळाखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. डोळ्यात गेलं तर तसंच धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा. कॉस्टिक नेहमी द्रवात टाकायचं. कॉस्टिकवर द्रव ओतला तर उसळून अंगावर येतो.

आता दूध. कॉस्टिक ओलं झालं की प्रचंड उष्णता सुटते. साध्या पाण्यात ती निवण्याची वाट पाहता येते, दुधात ती लॅक्टोजला जाळते. म्हणून १६० ग्रॅम दूध आदल्या रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. गाईचं किंवा शेळीचं चालतं. म्हशीचं असेल तर साय काढून घ्या. सकाळी दुधाचे खडे स्टीलच्या भांड्यात, ते भांडं बर्फाच्या पाण्याच्या परातीत, आणि वरून कॉस्टिक चिमटी-चिमटीने टाकायचं. चिमटी म्हणजे अर्थात चमच्याच्या टोकाने, बोटांनी नव्हे. एक चिमटी विरघळली की दुसरी. याला पंधरा मिनिटं लागतील, लागू द्या. दूध फिकट पिवळं होईल, थोडं दाटसर आणि कणीदारही दिसेल. ते नासलेलं नसतं. दुधातल्या स्निग्धांशाचा तिथेच साबण होऊ लागलेला असतो. थोडा अमोनियाचा वासही येईल. तो दुधातल्या प्रथिनांचा असतो, वड्या वाळता वाळता जातो. दूध थंड असल्याने कॉस्टिकचे कण तळाशी राहून जातात, ते वडीत आले तर कातडी भाजेल. म्हणून नीट ढवळायचं आणि स्टीलच्या गाळणीतून तेलात गाळायचं.

तेलं तोवर एकत्र करून तीस-पस्तीस अंशांवर आणलेली असावीत. पुण्याच्या थंडीत खोबरेल गोठतं, तेव्हा ते आधी वितळवून घ्या. आता हँड ब्लेंडर काही सेकंद चालवायचा, मग बंद ठेवून त्यानेच ढवळायचं, पुन्हा काही सेकंद. मिश्रण आधी पातळ कढीसारखं असतं. ब्लेंडर उचलल्यावर पडलेल्या धारेची रेघ वर क्षणभर उमटून राहिली की ते जुळलं. दाट बासुंदी होईपर्यंत थांबू नका, कारण मध अजून जायचा आहे.

मध एक मोठा चमचा, बस्स. तो दोन चमचे पाण्यात सैल करून शेवटी घालायचा. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. कॉस्टिक भेटताच त्या साखरा तापतात आणि तांबूस होतात. वडीला बदामी रंग येतो तो त्यामुळेच, आणि फेसही वाढतो. मधाचे जे गुण आपण सांगत असतो ते मात्र या धुमश्चक्रीत फारसे उरत नाहीत. तेव्हा महाबळेश्वरहून आणलेला जांभळाचा मध भाकरीबरोबर खा आणि साबणाला साधा घ्या.

साच्यासाठी मी श्रीखंडाचा रिकामा डबा वापरते, आत बटर पेपर लावून. साबणाच्या बहुतेक कृतींत साचा टॉवेलात गुंडाळून उबेत ठेवायला सांगतात. इथे बरोबर उलटं करायचं, झाकून एक दिवस फ्रिजमध्ये. नाहीतर साखरांची उष्णता आतच कोंडते आणि मधोमध चीर पडते, किंवा माझ्यासारखा ओटा पुसावा लागतो. दुसऱ्या दिवशी बाहेर काढून आणखी एक दिवस ठेवला की सुरीने सात-आठ वड्या पडतात.

त्या लगेच वापरायच्या नाहीत. चार ते सहा आठवडे, एकमेकींना न चिकटता, वाऱ्यावर. तेल आणि कॉस्टिकचं काम पहिल्या एक-दोन दिवसांतच बहुतेक आटोपतं. पुढचे आठवडे पाणी उडायला लागतात, त्याने वडी कडक होते आणि न्हाणीघरात लवकर विरघळत नाही. पावसाळ्यात हा उद्योग काढू नये, विशेषतः कोकणात. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि वड्यांना घाम फुटतो. वाळल्यावर ओल्या बोटावर थोडा फेस घेऊन जिभेच्या टोकाला लावून बघा. साबणाची बेचव लागली तर ठीक, बॅटरीला जीभ लावल्यासारखा झटका बसला तर कॉस्टिक शिल्लक आहे आणि ती वडी अंगाला लावायची नाही.

शेंगदाणा तेलामुळे या वड्या वर्षभरात संपवलेल्या बऱ्या. जुन्या झाल्या की नारिंगी ठिपके पडून खवट वास येतो. घरी आणि भेट द्यायला करा, पण विकायच्या झाल्या तर परवाना लागतो. आणि बोअरवेलच्या पाण्याने आंघोळ करणाऱ्या नातेवाइकांना भेट देताना आधीच सांगून ठेवा. त्या पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा साका होतो, फेस कमी येतो, आणि मग फोन येतो की तुझा साबण बिघडलाय.