‘भाव पडतील का?’ : घराची किंमत आणि खरेदीदाराची भाषा

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत घर घेण्याचा विचार ज्या कुटुंबात चालू असतो, तेथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘जागेचे भाव पडतील का, की थांबलो तर आणखी चढतील?’ भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक, प्रसंगी घरातले दागिने आणि पुढील वीस वर्षांच्या पगाराचा मोठा हिस्सा या एका व्यवहारात गुंतणार असल्यामुळे प्रश्नामागील काळजी खरी असते. प्रश्न अर्थशास्त्राचा आहे हे उघडच आहे. तथापि तो ज्या शब्दांत विचारला जातो, त्या शब्दांतच घराच्या बाजाराविषयीची काही गृहीते दडलेली आहेत. आणि ती गृहीते तपासल्यावाचून दिलेले कोणतेही उत्तर खरेदीदाराच्या फारसे उपयोगी पडत नाही.

मराठीत मोबदल्याच्या कल्पनेसाठी अनेक शब्द आहेत. ‘मोल’ हा संस्कृत ‘मूल्या’चा प्राकृतातून आलेला वंशज, ‘किंमत’ हा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला. ‘भाव’ हा त्यांपैकी सर्वांत लक्षणीय शब्द होय. मनातील भावना आणि बाजारातील दर हे दोन्ही अर्थ तो सारख्याच सहजतेने वाहतो. बाजाराच्या संदर्भात मात्र या दोन शब्दांच्या वापरात एक भेद दिसतो. ‘किंमत’ एखाद्या विशिष्ट वस्तूची असते. ‘भाव’ हा सामान्यतः मालाच्या जातीचा, मापामागे ठरलेला असतो. ज्वारीचा भाव, कापसाचा भाव, सोन्याचा भाव असे आपण म्हणतो. परंतु आजोबांच्या घड्याळाचा भाव असे म्हणत नाही.

भाव ही कल्पना ज्या बाजारात वाढली, त्याचे स्वरूप लासलगावच्या कांद्याच्या लिलावात स्पष्ट दिसते. तेथे एकाच प्रकारचा माल पुष्कळ विक्रेते आणतात, बोली सर्वांसमक्ष होते आणि क्विंटलमागे आकडा ठरतो. माल नाशवंत असल्यामुळे आणि ट्रॅक्टरचे भाडे अंगावर पडणार असल्यामुळे शेतकऱ्याला तो परत नेणे सहसा परवडत नाही. मागणी घटली की आकडा त्याच दिवशी खाली येतो. अशा बाजाराविषयी ‘भाव पडले’ हे विधान अक्षरशः खरे असते.

घराच्या बाबतीत यांपैकी एकही अट पुरी होत नाही. एकाच इमारतीतील दोन सदनिकाही मजला, दिशा, उजेड आणि आवाज यांमुळे सारख्या नसतात. एखादे घर वीस-वीस वर्षे विक्रीस येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मालक थांबू शकतो. मनासारखे पैसे मिळाले नाहीत तर तो त्याच घरात राहतो, किंवा ते भाड्याने देतो. डेव्हिड जेनेसोव्ह व ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या बॉस्टन शहरातील सदनिकांच्या विक्रीचा अभ्यास करून २००१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना खरेदीच्या रकमेपेक्षा कमी रक्कम पत्करावी लागणार होती, त्या मालकांनी इतरांपेक्षा अधिक किंमत मागितली आणि त्यांची घरे अधिक काळ विक्रीवाचून राहिली, असे त्यांना आढळले. तोटा मान्य करण्यापेक्षा थांबणे माणसाला बरे वाटते. म्हणून मागणी ओसरली असता घराच्या बाजारात प्रथम घटते ती व्यवहारांची संख्या. मग लांबतो तो विक्रीस लागणारा काळ. आणि आकडा उतरतो तो सर्वांच्या शेवटी. खरेदीदार मात्र नेमक्या त्या शेवटच्या खुणेवर डोळा ठेवून बसलेला असतो.

दुसरी अडचण ‘किंमत’ या शब्दाची आहे. एका सदनिकेच्या व्यवहारात हा शब्द निदान चार अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ म्हणजे जाहिरातीतील चौरस फुटामागील दर. हा चौरस फूट कोणता, हेही पूर्वी संदिग्ध असे. जिना, मार्गिका आणि उद्वाहन यांचा वाटा मिळवून ‘सुपर बिल्ट-अप’ क्षेत्र सांगण्याची प्रथा होती. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने ‘चटई क्षेत्रा’ची व्याख्या निश्चित केली : आतील भिंतींसह वापरण्याजोगे क्षेत्र, बाहेरच्या भिंती, सज्जा व गच्ची वगळून. दुसरा अर्थ साठेखतात लिहिलेली रक्कम. तिसरा अर्थ शासनाच्या वार्षिक दर-तक्त्यातील मूल्य. करारातील रक्कम आणि हे मूल्य यांत जे अधिक असेल त्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. चौथा अर्थ म्हणजे खरेदीदाराच्या खिशातून प्रत्यक्ष जाणारी एकूण रक्कम. तीत मुंबईत साधारणतः सहा टक्के मुद्रांक शुल्क व मेट्रो अधिभार, नोंदणी फी, बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के (परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसणाऱ्या सदनिकेवर एक टक्का) वस्तू व सेवा कर, दलाली आणि इतर खर्च यांचा समावेश होतो.

खरेदीदार ‘भाव’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पहिला अर्थ असतो. मंदीच्या काळात विकासक हलवतो तो मात्र चौथा. मुद्रांक शुल्क आपण भरतो असे तो सांगतो, वाहनतळाची जागा कमी पैशांत देतो, ताबा मिळेपर्यंत हप्ते पुढे ढकलतो. जाहीर दर मात्र तो शक्यतो ढळू देत नाही. कारण तो उतरवला तर त्याच इमारतीत आधी घर घेतलेले लोक जाब विचारतात आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या लेखी उरलेल्या सदनिकांचे मूल्यही घटते. दर जागच्या जागी ठेवून खर्च घटवल्याचे मोठे उदाहरण २०२० साली शासनानेच घालून दिले. महासाथीने व्यवहार थंडावल्यावर महाराष्ट्र शासनाने मुंबईतील मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात पाचवरून दोन टक्क्यांवर आणले; पुढील तीन महिने ते तीन टक्के होते. डिसेंबरात नोंदणी कार्यालयांत गर्दी उसळली. चौरस फुटाचा दर फारसा न हलताही घर घेणे स्वस्त झाले होते.

तिसरी गोष्ट काळाची. ‘पडणे’ या क्रियापदाने डोळ्यांपुढे एकाएकी खाली येणारी वस्तू उभी राहते. परंतु घराची किंमत जागच्या जागी उभी राहूनही घसरते. एक कोटी रुपयांचे घर सात वर्षे एक कोटीलाच राहिले आणि इतर वस्तूंच्या किमती दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढल्या, तर सात वर्षांनंतर त्या कोटीची क्रयशक्ती आजच्या सुमारे ७१ लाखांइतकी उरते. आकडा हलला नाही, तरी घर २९ टक्क्यांनी उतरले. निश्चलनीकरण, नवा कर, नवा कायदा आणि २०१८ पासूनची वित्तसंस्थांची अडचण यांमुळे २०१६ ते २०२० या काळात मुंबईच्या बाजारात अशीच संथ घसरण अनुभवास आली. ज्यांचे पगार त्या काळात वाढत गेले, त्यांच्या दृष्टीने घर जवळ येत होते. परंतु ‘भाव पडले’ असे म्हणण्याजोगे काही घडले नसल्यामुळे पुष्कळांना ते जाणवले नाही.

याचा अर्थ आकडा कधीच उतरत नाही असा नव्हे. मुंबईत १९९५ च्या सुमारास शिखरास पोहोचलेले दर पुढील काही वर्षे खरोखर खाली आले होते. जपानच्या मोठ्या शहरांत १९९१ नंतर जमिनीच्या किमती दशकाहून अधिक काळ उतरत राहिल्या. अमेरिकेत २००६ च्या शिखरापासून २०१२ च्या आरंभापर्यंत घरांच्या किमतींचा राष्ट्रीय निर्देशांक सुमारे २७ टक्क्यांनी घसरला. अमेरिकेच्या उदाहरणात कारण स्पष्ट दिसते : कर्ज थकल्यामुळे असंख्य घरे सक्तीने विक्रीस निघाली. विक्रेत्याची थांबण्याची शक्ती संपली की घराचा बाजार कांद्याच्या बाजारासारखा वागू लागतो. ती टिकून असेपर्यंत तो तसा वागत नाही.

खरेदीदाराचा दृष्टिकोन त्याच्या वाक्यरचनेतही उमटतो. वाढीविषयी बोलताना मराठी माणूस ‘भाव वाढणारच’ असे म्हणतो. घटीविषयी ‘भाव पडतील का?’ असे विचारतो. ‘-णार’ या रूपात सामान्यतः निश्चय वा खात्री असते, तर ‘-तील’ या रूपात अंदाज. एकीकडे खात्री आणि दुसरीकडे आशा अशी ही विभागणी आहे. कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८८ साली अमेरिकेतील चार शहरांच्या खरेदीदारांना त्यांच्या अपेक्षा विचारल्या होत्या. ज्या शहरांत किमती नुकत्याच वेगाने वाढल्या होत्या, तेथील लोकांना पुढेही तशीच वाढ होईल असे वाटत होते. अपेक्षा भविष्याकडे पाहून नव्हे, तर नुकत्याच सरलेल्या काळाकडे पाहून बनते. कोणी स्वस्तात घेतलेले घर आज कितीला गेले, ही कथा प्रत्येक कुटुंबात आवडीने सांगितली जाते. ज्याने १९९५ साली चढ्या दराने घेतले, तो सहसा बोलत नाही. ‘भाव’ या शब्दातील मनाचा अर्थ आणि बाजाराचा अर्थ येथे एकमेकांत मिसळतात.

आणखी एक घटक बोलण्यात क्वचितच येतो, तो म्हणजे व्याज. पन्नास लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा मासिक हप्ता सात टक्के दराने सुमारे ३८,७६५ रुपये होतो. नऊ टक्के दराने तो सुमारे ४४,९८६ रुपये होतो. पूर्ण मुदतीत हा फरक सुमारे १५ लाखांचा आहे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये चार टक्के झाला होता; फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा टक्के झाला आणि फेब्रुवारी २०२५ पासून तो पुन्हा उतरू लागला. भाव दहा टक्के उतरण्याची वाट पाहताना व्याज दोन टक्के चढले, तर कर्ज काढणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. उलटही तितकेच खरे आहे.

तेव्हा ‘भाव पडतील का?’ या प्रश्नाऐवजी तीन प्रश्न विचारणे श्रेयस्कर ठरेल. पहिला : या घराच्या चटई क्षेत्रासाठी सर्व खर्च धरून एकूण किती रक्कम जाणार, आणि अशाच घराचे याच परिसरातील अलीकडचे नोंदलेले करार किती रकमेचे आहेत? दुसरा : अशाच घराचे वर्षाचे भाडे किती, आणि कर्जाचे वर्षाचे व्याज किती? मुंबईत एक कोटीच्या घराला महिना वीस-पंचवीस हजार भाडे येत असेल, तर ते किमतीच्या अडीच-तीन टक्क्यांहून अधिक होत नाही. म्हणजे भाड्याने राहून वाट पाहणे हा पैशाचा नाश आहे, हा समज सरसकट खरा नाही. तिसरा : आकडा सात-आठ वर्षे हलला नाही, आणि मध्यंतरी एखादे वर्ष मिळकत घटली, तरी हप्ते भरून त्या घरात राहता येईल काय?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर भाव पडले काय आणि चढले काय, त्या कुटुंबाच्या राहण्यात फारसा फरक पडत नाही. कारण थांबण्याची जी शक्ती विक्रेत्याला तारते, तीच त्यालाही तारते. उत्तर नकारार्थी असेल, तर भाव निश्चित वाढणार अशी कोणी कितीही ग्वाही दिली, तरी ते घर त्या कुटुंबासाठी महागच आहे.