नारळाचे दूध आणि आपले कोलेस्टेरॉल

मांसाबरोबर दूधदुभते चालत नाही, म्हणून कोकणात आपल्या आज्या-पणज्यांनी नारळाचे दूध वापरले. मटणाच्या रश्शात तेच, रोश हाशानाच्या हलव्यातही तेच. इस्राएलात येऊन इतकी वर्षे झाली, तरी आपला हात नारळाकडेच जातो. फक्त खवणीऐवजी आता डबा उघडतो.

"नारळात कोलेस्टेरॉल नसते," असे आपल्यापैकी बरेच जण म्हणतात. ते खरे आहे, पण अर्धेच. रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते. नारळातली चरबी मुख्यतः सॅच्युरेटेड, म्हणजे संपृक्त असते. ती पोटात जास्त गेली की यकृत रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, पुरेसे उचलत नाही. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचते आणि वाट अरुंद होते. वर्षानुवर्षे काही दुखत नाही, म्हणून रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

मग नारळ सोडायचा का? नाही. तो शब्बाथ आणि सणांसाठी ठेवू. इतर दिवशी कालवण कांदा, टोमॅटो आणि आमसुलावर करू. मटणाऐवजी मासे, डाळ, वाल किंवा कातडी काढलेली कोंबडी घेऊ. तेल ऑलिव्हचे किंवा कनोलाचे, तेही बेताने. शिवाय रोज झेपेल तितके चालू.

आता गोळीविषयी. कुपत खोलीमच्या डॉक्टरांनी स्टॅटिन दिले असेल, तर आकडा उतरला म्हणून ते बंद करू नये. आकडा गोळीमुळेच उतरलेला असतो. ती थांबवली की काही आठवड्यांत पुन्हा चढतो. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांचे एलडीएल ७० च्या, पुष्कळदा ५५ च्याही खाली ठेवतात. म्हणून आपला कागद शेजारणीच्या कागदाशी जुळवू नये.

हिवाळ्यात बाजारात एश्कोलीत आणि पोमेला येतात. सिमव्हास्टॅटिन किंवा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी ही फळे खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. त्यांच्यामुळे औषध रक्तात वाढून स्नायूंना इजा होऊ शकते. स्नायू दुखू लागले तर गोळी मनाने न सोडता डॉक्टरांना सांगावे; लघवी गडद झाली तर त्याच दिवशी.

छातीत दाब आला, धाप लागली, घाम फुटला, तर मुलांच्या फोनची वाट पाहू नये. लगेच १०१ फिरवावा.