मुद्दाम चुकण्याचे गणित

सह्याद्रीत वाट चुकली तर आपण टेकाडावर चढतो, समोरचा किल्ला ओळखतो आणि नकाशा त्याच्याशी जुळवून घेतो. चंद्रपूर-गडचिरोलीत सुरजागडसारखे डोंगर सोडले, तर पुष्कळसे जंगल सपाट. बांबूच्या बेटांत वीस-तीस पावलांपलीकडचे दिसत नाही.

‘नाकासमोर चालत राहू’ हा भरवसाही खोटा. ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांचा एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात माणसांना जर्मनीतल्या सपाट जंगलात सरळ चालायला सांगितले होते. आभाळ भरून आले तेव्हा ती नकळत गोल फिरली. सूर्य दिसत होता तेव्हा बऱ्यापैकी सरळ गेली.

मग आधार कशाचा? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर २ सेंमी म्हणजे १ किमी. समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने, म्हणून सपाटीवर त्या विरळ. खरा उपयोग नाल्यांचा. पाणी निळ्या रंगात, कोरडे पात्र काळ्या रेघेत.

समजा, २ किमीवर आडवा नाला आहे आणि त्यावरच्या रपट्याशी पोचायचे आहे. होकायंत्र हाती असूनही झाडे चुकवताना ५ अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे नाल्यावर सुमारे १७५ मीटर. नाला लागतो, रपटा दिसत नाही. डावीकडे जावे की उजवीकडे? इथेच माणूस गोंधळतो, थोडा इकडे, थोडा तिकडे जातो आणि शेवटी नाल्याचा आधारही सोडतो.

म्हणून मुद्दाम चुकायचे. दिशा रपट्याच्या १० अंश उजवीकडे धरायची. आता ५ अंशांची चूक कोणत्याही बाजूला होवो, रपटा डावीकडेच असणार. फार तर साडेपाचशे मीटरवर. (या भागात चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, ती दुरुस्ती सोडून द्यावी.)

अंतर पावलांनी मोजावे. दर १०० मीटरला एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. मैदानावरचे पाऊल झाडीत आखूड पडते, हे मात्र विसरू नये.

वर्ग घेऊन थेट जंगलात जाऊ नये. तो वाघाचा मुलूख आहे. मैदानावर फक्कीची रेघ ओढा, तो नाला. त्यावर ठेवलेला दगड म्हणजे रपटा. मुलांना डोळे बांधून दगडाकडे चालू द्या आणि प्रत्येक जण रेघेवर कुठे पोचला ते मोजा. किती चुकायचे, हे त्या आकड्यांवरून वर्गानेच ठरवावे, असे आम्ही सुचवू. पुढे वनखात्याची परवानगी काढून, गावातला जाणता माणूस सोबत घेऊन जंगलात जाता येईल. नकाशावर बिननावाच्या असलेल्या नाल्यांची नावे त्याच्याकडून लिहून घ्यावीत.