सर चुकले तर कुणाला सांगायचं?

मित्रमैत्रिणींनो, थंडीच्या दिवसांत सकाळी सहाला यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर कधी गेला आहात का? तोंडातून वाफा निघत असतात, पण मुलंमुली फेऱ्या मारण्यात दंग! पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, कुठेही जा. कुठे कबड्डीचं मैदान आखलेलं दिसेल, कुठे खो-खोचे खांब रोवलेले. तालुका जिंकला की जिल्हा, जिल्हा जिंकला की अमरावती विभाग आणि मग राज्य! स्वप्नं अशी पायरीपायरीने चढतात.

या वाटेवर आपल्याला घेऊन जाणारा एक माणूस असतो. आपले सर किंवा मॅडम. संघात कोण खेळणार, बाकावर कोण बसणार, हे तेच ठरवतात. खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावीचे वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. म्हणून घरचेही बजावतात, "सर म्हणतील तसं कर, उलट बोलू नको."

बहुतेक सर याला पात्रच असतात. स्वतःच्या खिशातून मुलांना बूट घेऊन देणारे, एसटीत स्वतः उभं राहून मुलांना बसायला जागा देणारे सर तुम्हीही पाहिले असतील. पण एवढा अधिकार एखाद्या वाईट माणसाच्या हाती पडला तर? आज त्याबद्दल जरा मोकळेपणाने बोलू या.

रुचिका आणि आराधना

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातली नाही, हरियाणातल्या पंचकुल्याची आहे. पण ती कुठल्याही मैदानाला लागू पडते.

साल १९९०. रुचिका गिरहोत्रा ही १४ वर्षांची मुलगी टेनिस शिकत होती. तिथल्या टेनिस संघटनेचे अध्यक्ष होते एस. पी. एस. राठोड, हरियाणा पोलिसांतले बडे अधिकारी. तुझ्या खास प्रशिक्षणाची व्यवस्था करतो, असं सांगून त्यांनी १२ ऑगस्टला रुचिकाला कार्यालयात बोलावलं. ती मैत्रिणीला, आराधनाला, सोबत घेऊन गेली. राठोड यांनी काहीतरी काम सांगून आराधनाला बाहेर पाठवलं आणि रुचिकाशी गैरवर्तन केलं. आराधना परत आली तेव्हा तिने ते डोळ्यांनी पाहिलं.

दोघी आधी घाबरून गप्प राहिल्या. मग धीर करून त्यांनी घरी सांगितलं. आराधनाच्या आईवडिलांनी, मधू आणि आनंद प्रकाश यांनी, मुलींवर विश्वास ठेवला. इतर पालकांना सोबत घेऊन त्यांनी तक्रार केली. चौकशी झाली, गुन्हा नोंदवावा असा अहवालही त्याच वर्षी आला. पण गुन्हा नोंदला जायला १९९९ साल उजाडलं!

मधल्या काळात काय झालं? रुचिकाला शाळेतून काढलं. तिच्या भावावर चोरीचे गुन्हे दाखल झाले, जे पुढे टिकले नाहीत. चूक दुसऱ्याची आणि शिक्षा हिला! डिसेंबर १९९३ मध्ये रुचिकाने स्वतःचं आयुष्य संपवलं. तिचं काहीही चुकलं नव्हतं. एवढ्या मोठ्या ओझ्याखाली एका मुलीला असं सोडणाऱ्या मोठ्या माणसांचं चुकलं होतं.

आराधना मात्र मागे हटली नाही. तिची साक्ष महत्त्वाची होती. शाळकरी मुलीची बाई झाली, लग्न झालं, तरी तिने आणि तिच्या आईवडिलांनी खटला सोडला नाही. डिसेंबर २००९ मध्ये, १९ वर्षांनी, न्यायालयाने राठोड यांना दोषी ठरवलं. आधी सहा महिन्यांची शिक्षा झाली, २०१० मध्ये ती दीड वर्ष झाली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण भोगलेली शिक्षा पुरेशी मानली.

अमेरिकेतही असंच घडलं. लॅरी नासर हा तिथल्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर. उपचाराच्या नावाखाली तो वर्षानुवर्षं मुलींचा छळ करत राहिला. काहींनी आधी सांगून पाहिलं, पण कुणी मनावर घेतलं नाही. २०१६ मध्ये रेचल डेनहॉलंडर वर्तमानपत्रात स्वतःच्या नावानिशी बोलली आणि बाकीच्यांनाही बळ आलं. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून जास्त जणींनी न्यायालयात आपलं दुःख सांगितलं. नासरला ४० ते १७५ वर्षांची कैद झाली.

आता कायदा तुमच्या बाजूने

रुचिकाच्या वेळी मुलांसाठी वेगळा कायदा नव्हता. आता आहे. त्याला 'पोक्सो' म्हणतात. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून, म्हणजे बालदिनापासून, लागू झाला. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी तो आहे. मुलींसाठी आणि मुलांसाठीसुद्धा! हो, मुलांनाही असा त्रास होतो, आणि तो सांगण्यात कसलाही कमीपणा नाही.

या कायद्यात तुमचा बराच विचार केला आहे. जबाब घ्यायला पोलिसांनी तुमच्या घरी किंवा तुम्हाला बरं वाटेल तिथे यायचं, तेही गणवेश न घालता. शक्यतो महिला अधिकारीच येतात. मुलाला रात्री पोलिस ठाण्यात ठेवता येत नाही. नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही. आणि संस्थाप्रमुखाला गुन्हा कळूनही त्याने तो दडपला, तर त्यालाही शिक्षा होते.

ओळखायचं कसं?

तुम्ही म्हणाल, खेळात हात तर लागणारच! कुस्तीत पकड शिकवताना, उडी मारताना पाठ सावरताना सर धरतातच की. अगदी बरोबर. पण चांगले सर आधी सांगतात, "आता मी तुझा खांदा धरतो." ते सगळ्यांसमोर शिकवतात. धरण्याचं कारण खेळात असतं, आणि तुम्ही "नको" म्हटलंत तर ते थांबतात.

जिथे "हे घरी सांगू नको" असं म्हटलं जातं, तिथे सावध व्हा. एकट्यालाच खोलीवर बोलावणं, कारण नसताना भेटी देणं, रात्री-बेरात्री मोबाइलवर निरोप पाठवणं, "ऐकलं नाहीस तर संघातून काढीन" अशी धमकी देणं, या सगळ्या धोक्याच्या खुणा आहेत. छडीने मारणं आणि सगळ्यांसमोर अपमान करणं हीसुद्धा शिस्त नव्हे.

असं काही घडलं तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. आई, बाबा, आजी, मावशी, शाळेतल्या बाई, कुणीही. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि १०९८ हा क्रमांक पाठ करून ठेवा. दिवसा-रात्री केव्हाही फुकट लागतो.

आईबाबा, थोडं तुमच्यासाठी

मुलगी अचानक "मी उद्यापासून ग्राउंडवर नाही जात" म्हणाली, तर "एवढी मेहनत वाया घालवते का?" असं रागावण्याआधी जवळ बसून विचारा. संघ बाहेरगावी जाणार असेल तर मुक्काम कुठे, मुलींसोबत बाई कोण, खोल्या कशा, हे विचारायला लाजू नका. कधीतरी सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहा. चांगल्या सरांना याचा राग येत नाही, उलट आनंदच होतो.

आणि मुलाने काही सांगितलं तर पहिलं वाक्य हेच असू द्या, "सांगितलंस ते बरं केलंस, तुझं काही चुकलं नाही."

दोस्तांनो, आराधना तेव्हा अवघी तेरा वर्षांची होती. तुमच्याच वयाची! उद्या मैदानावर तुमची एखादी मैत्रीण किंवा मित्र गप्प गप्प दिसला, सरांचं नाव निघताच दचकला, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. "काय झालं रे?" एवढंच विचारा. तो बोलला तर त्याच्यावर विश्वास ठेवा आणि एकट्याने नाही, दोघं मिळून घरी जाऊन सांगा.